अंदमानला बावीस जण: आधी तिथी, मग तिकीट

तुम्ही विचारलंय ते असं: सोसायटीतले २२ जण, सगळ्यांत लहान सात वर्षांचा मुलगा, सगळ्यांत मोठ्या ७४ वर्षांच्या आजी. जानेवारीत अंदमान, सहा रात्री. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांगची चुनखडीची गुहा, आणि जमलं तर दिगलीपूरही. एजन्सीने दिलेला कार्यक्रम तुम्ही सोबत पाठवलाय. तो झेपेल का, गुहेला जावं की नको, दोघा-तिघांना स्कूबा करायचंय ते कुठे बसवावं आणि आजींचं काय करावं, हे तुमचे प्रश्न.

मी मूळचा दापोलीकडचा, आणि गेली अठरा वर्षं गट घेऊन अंदमानला जातोय. तुमचा तक्ता वाचला. करणाऱ्याने नकाशा बघितलाय, पाणी बघितलेलं नाही. एका दिवसात तीन किनारे, दुसऱ्या दिवशी दोन किनारे आणि एक पूल, असं सगळं मांडलंय. पण त्या वेळी तिथे पाणी असेल की नसेल, याचा कुठे उल्लेख नाही. बेटांवर दिवसाचं वेळापत्रक समुद्र लावतो. म्हणून विमानाची तिकिटं काढायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि तुमच्या सहा दिवसांत कुठल्या तिथी येतात ते बघा. गट मोठा असला की हे जास्तच लागतं. दोघं असाल तर ओहोटी चुकली म्हणून दोन तास नारळपाणी पीत बसता येतं. बावीस जण दोन तास बसले की त्यात तीन भांडणं आणि एक रुसवा ठरलेला.

आधी दिगलीपूरचा निकाल लावतो. ते उत्तर अंदमानात आहे, पोर्ट ब्लेअरपासून तीनशेच्या आसपास किलोमीटर, गाडीने अख्खा दिवस. तिथली रॉस आणि स्मिथ ही जुळी बेटं वाळूच्या पट्टीने जोडलेली आहेत, ओहोटीला एकावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं, आणि ते दृश्य खरोखर देखणं आहे. तिकडेच रामनगरच्या बाजूला ‘चालीस एक’ म्हणून एकेचाळीस गुहांचा समूह आहे. त्यांत पाकोळीची एक जात स्वतःच्या लाळेची घरटी बांधते. ही घरटी चीनकडे सुपासाठी सोन्याच्या भावाने विकली जातात, त्यामुळे इथे ती चोरांनी जवळजवळ संपवत आणली होती आणि वनखात्याला राखण करावी लागली. मला स्वतःला अंदमानातला सगळ्यांत आवडता भाग तोच. पण सहा रात्रींत, आजींना आणि सात वर्षांच्या पोराला घेऊन, नको. दहा दिवस असतील तेव्हा जा. आता तो कागदावरून खोडा.

नावांचा घोळ होऊ नये म्हणून एक सांगून ठेवतो. हॅवलॉकचं अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्रीविजयपुरम. तिकिटावर नवी नावं दिसतील, जेट्टीवरचा हमाल जुनी घेईल. गटातल्या सगळ्यांना दोन्ही माहीत असू द्या. ‘स्वराज द्वीप’ची बोट समोर लागलेली असताना ‘आमची हॅवलॉकची कुठे आहे’ म्हणून शोधत फिरणारी माणसं मी बघितली आहेत.

आता पाण्याकडे येऊ. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, पण पुण्याच्या गटाला लागतं, म्हणून सविस्तर सांगतो. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खोल उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. अंदमानातही दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. फक्त चढउतार आपल्या मुंबईपेक्षा बराच कमी, पोर्ट ब्लेअरला उधाणाच्या वेळी साधारण दोन मीटर. पण तिथले बरेच किनारे इतके उथळ आहेत की दोन मीटर उतरलं तरी पाणी पार लांब जातं आणि मध्ये नुसती प्रवाळाची खडबड उघडी पडते. तिथे पोहणं नाही, बोट नाही, काही नाही.

आमच्याकडे तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात. तो हिशोब तिथे जसाच्या तसा लावू नका. बंदर बदललं की वेळ बदलते. पण रोज भरती सुमारे पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे तिथेही खरं. आणि एका जागी उधाणाची ओहोटी दर वेळी जवळपास त्याच घड्याळी वेळेला येते, हेही खरं. म्हणजे पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक एकदा बघितलंत, सहाही दिवसांच्या वेळा एका कागदावर लिहिल्यात, की अर्धा कार्यक्रम आपोआप ठरतो. फोनवर बघण्यावर विसंबू नका, कागदावर लिहा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून पोर्ट ब्लेअरला नेटवर्क पुष्कळ सुधारलंय, पण बेटांवर आणि बाराटांगच्या वाटेवर तुमचा फोन बऱ्याच वेळा फक्त घड्याळ असतो.

नीलचं उदाहरण घ्या. तुमच्या तक्त्यात लिहिलंय: सकाळी नैसर्गिक पूल, दुपारी भरतपूर, संध्याकाळी लक्ष्मणपूर. (या बेटावर गावांची नावं रामायणातली आहेत, सीतापूर आणि रामनगरही सापडेल. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली ही गावं.) नैसर्गिक पूल म्हणजे समुद्राने कोरलेली खडकाची कमान. तिच्यापर्यंत जायचं तर ओल्या, शेवाळलेल्या खडकांवरून चालावं लागतं, आणि ते फक्त ओहोटीला. ओहोटीला तिथे खडकांमधल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, शिंपले, लहान मासे, खेकडे असं अख्खं प्रदर्शन मांडलेलं असतं. स्थानिक वाटाड्या घेतलात तर दोनशे पावलांत तासभर कसा जातो कळत नाही. भरतीला गेलात तर लांबून एक दगड दिसतो, बस. उलट भरतपूर जेट्टीच्या शेजारचा उथळ किनारा. तिथल्या काचेच्या तळाच्या बोटी भरतीलाच नीट चालतात. म्हणजे एक ओहोटीचं ठिकाण, एक भरतीचं. तुमच्या दिवशी ओहोटी सकाळी असेल तर तक्ता बरोबर आहे, दुपारी असेल तर नेमका उलटा. एजन्सीने हे बघितलंच नाही, कारण तोच तक्ता ते महिन्याच्या तीसही दिवस देतात. लक्ष्मणपूर सूर्यास्ताचं, ते मात्र कुठल्याही तिथीला चालतं.

सूर्यास्तावरून आठवलं. अंदमान घड्याळाने आपल्याबरोबर आहे पण सूर्याने नाही. पोर्ट ब्लेअर पुण्याच्या पूर्वेला सुमारे एकोणीस अंश, म्हणजे सूर्य तिथे सव्वा तास आधी उगवतो आणि आधी मावळतो. जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य पाण्यात. ‘चहा घेऊन पाचला निघू’ म्हणणाऱ्या गटाला हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर अंधारच भेटतो. सगळ्यांना सांगा, घड्याळ मनातल्या मनात तासभर पुढे करा: जेवण साडेबाराला, किनाऱ्यावर साडेतीनला, झोप नऊला.

आता बोटी. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी कॅटामरान साधारण दीड-दोन तासांत जाते, सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास. खासगीत आसन वातानुकूलित, खिडकी बंद. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं, वारा लागतो. ज्यांना बोट लागते त्यांना सरकारी बोट जास्त मानवते, असा माझा अनुभव. पण २२ तिकिटं एका वेळी मिळणं हा नशिबाचा भाग, आणि गट दोन बोटींत विभागायचा नाही, हा माझा नियम. त्यामुळे तुम्ही खासगीच घ्या, लवकर घ्या, आणि तिकिटावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. बोट लागणाऱ्यांना मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या अर्धा-एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी तशीच बाहेर येते. पोहे चापून बोटीत बसू नका, पण उपाशीही बसू नका. आलेपाकाच्या वड्या सोबत ठेवा, निदान तोंडाला चव राहते.

तुमच्या तक्त्यातली सगळ्यांत मोठी चूक शेवटच्या दिवसाची. सकाळी नीलहून बोट आणि दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान. हे कदापि करू नका. जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो, पण ‘बहुधा’वर २२ विमान तिकिटं लावायची नाहीत. वारा वाढला की बंदरखातं बोटी थांबवतं आणि त्यात कुणाची ओळख चालत नाही. माझी स्वतःची पहिल्या काही वर्षांतली फजिती सांगतो. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, नीलहून बोट सुटली नाही, १४ जणांची विमानं गेली. ज्या कंपनीतर्फे मी तेव्हा गट नेत होतो तिने हात वर केले, आणि दोन रात्रींचं राहणं, जेवण, नवी तिकिटं हे सगळं लोकांच्या अंगावर पडलं. एका काकांनी मला त्या वेळी जे ऐकवलं ते अजून कानात आहे, आणि ते बरोबर होते. तेव्हापासून शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला.

म्हणजे क्रम असा लावा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग दोन रात्री हॅवलॉक, एक नील, आणि परत येऊन दोन रात्री पोर्ट ब्लेअर. बाराटांग शेवटच्या पूर्ण दिवशी. एजन्सीने ते दुसऱ्याच दिवशी ठेवलंय, म्हणजे आदल्या दिवशीचं विमान आणि जागरण अंगावर असताना पहाटे तीनला उठा. शेवटी ठेवलंत तर समुद्राने एक दिवस खाल्ला तरी बाराटांग बुडेल, विमान बुडणार नाही. स्कूबाही हॅवलॉकलाच होऊन जाईल, म्हणजे पाण्यातून बाहेर आल्यापासून विमानापर्यंत भरपूर अंतर राहील. डायव्हिंगनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायचा असतो. घाईने विमानात बसलात तर तो बुडबुड्यांनी निघतो आणि सांध्यांपासून मेंदूपर्यंत कुठेही त्रास देतो. नियम किमान अठरा तासांचा धरतात, मी चोवीस धरतो. ज्यांना दमा आहे, हृदयाचं काही आहे, कानाचं ऑपरेशन झालंय किंवा त्या दिवशी साधी सर्दी आहे, त्यांनी पाण्याखाली जाऊ नये. डायव्हिंगआधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. ‘सगळ्यावर नाही लिहा’ असं सांगणारा प्रशिक्षक भेटला तर तिथूनच परत फिरा.

पहिल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल. मराठी गटाला तिथे घाई करू नये. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, थोरले बाबारावही तिथेच. कोठडीसमोर उभं राहिलं की बोलकी माणसंही गप्प होतात. मूळच्या सात पाखांपैकी आता तीनच उरल्यात. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

हॅवलॉकला दोन रात्री पुरतात. राधानगर पश्चिमेकडे, सूर्यास्ताचा. काला पत्थर पूर्वेकडे, सकाळचा. एलिफंट बीचला जेट्टीवरून छोट्या बोटीने जातात, तिथे स्नॉर्कलिंग होतं. किनाऱ्यावर आडवी पडलेली पांढरी झाडं दिसतील, ती २००४ च्या त्सुनामीची खूण. गटातले दोन-चार जण हौशी असतील आणि तुमची तिथी अमावस्येच्या जवळपास असेल तर रात्री खारफुटीतून कयाक करवून आणतात ते करा. पाण्यातले सूक्ष्म जीव वल्ह्याच्या धक्क्याने निळे चमकतात. पौर्णिमेला पैसे वाया, चांदण्यात काही दिसत नाही. बघा, इथेही तिथीच.

राधानगरला पोहायचं ते जीवरक्षक आणि फलक आहेत तिथेच. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका कोपऱ्यात स्नॉर्कलिंग करणारी अमेरिकन पर्यटक मगरीने मारली. हे मी भीती घालायला सांगत नाही, इतक्या वर्षांत माझ्या गटातल्या कुणाला मगर दिसलेलीही नाही. पण ओढा समुद्राला मिळतो तिथे आणि खारफुटीच्या कडेला पाण्यात उतरायचं नाही, सूर्यास्तानंतर कुठेच नाही, हे मुलांना निघायच्या आधी घरी सांगा. किनाऱ्यावर सांगितलेलं मुलं ऐकत नाहीत. वाळूमाशा मात्र नक्की भेटतील. डास चावल्यासारखं वाटतं, पण खाज आठवडाभर राहते. ओल्या वाळूत थेट बसू नका, पायांना खोबरेल चोपडा, आणि खाजवू नका.

आता बाराटांग, ज्याबद्दल तुम्ही खरं विचारलंय.

आधी प्रवास कसा असतो ते सांगतो. पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-साडेतीनला गाड्या निघतात. जिरकाटांगच्या नाक्यावर सगळ्या गाड्या रांगेत थांबतात, कागद होतात, आणि सकाळी सहाच्या सुमारास पहिला काफिला सुटतो. पुढे सुमारे पन्नास किलोमीटर जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून. थांबायचं नाही, पुढच्या गाडीला मागे टाकायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो नाही. जंगल संपलं की मिडल स्ट्रेटला वाहन-फेरीतून खाडी ओलांडायची, पलीकडे बाराटांग. तिथून फायबरच्या छोट्या बोटी, त्यांना तिथे डोंगी म्हणतात. एकीत आठ-दहा माणसं, म्हणजे तुम्हाला तीन लागतील. खाडीतून वेगाने जाऊन शेवटी ती डोंगी खारफुटीच्या अरुंद बोगद्यात शिरते. दोन्हीकडून मुळं, वर फांद्यांचं छत, इंजिनाचा आवाज उतरलेला. बऱ्याच जणांना गुहेपेक्षा हीच दहा मिनिटं लक्षात राहतात, मलाही. तिथे हात बाहेर काढायचे नाहीत, मगरी याच पाण्यात असतात. नयाडेराच्या लाकडी धक्क्यावर उतरून साधारण दीड किलोमीटर चालायचं. आधी जंगल, मग एक छोटी वस्ती आणि शेतं, मग गुहा.

गुहेचं तोंड उघडं आहे, सुरुवातीला वरून उजेड येतो, आत जाल तसा अंधार. वाटाड्या बॅटरी मारून दाखवतो: हा गणपती, ही हत्तीची सोंड, हे कमळ. आपली माणसं लगेच हात जोडतात, माझी हरकत नाही. पण हात लावायचा नाही. पावसाचं पाणी जमिनीतून झिरपताना चुनखडी विरघळवतं आणि आत थेंबाथेंबाने ती परत सोडतं, त्यातून ही छतावरची लोंबणी आणि जमिनीवरचे खुंट वाढतात. बोटभर वाढायला माणसाच्या कैक पिढ्या जातात. हाताचं तेल लागलं की त्या जागी पाणी नीट धरत नाही आणि वाढ थांबते. जिथे लोकांचे हात पोचतात तिथला दगड काळपट आणि गुळगुळीत झालाय, वरचा अजून पांढरा चकाकतो. बॅटरी फिरवलीत की हा फरक तुम्हालाही दिसेल. प्रत्येकाने आपली छोटी बॅटरी न्या. फोनचा उजेड पुरत नाही, आणि एका हातात फोन धरून ओल्या दगडावर चालणं म्हणजे पडायला आमंत्रण.

चिखलाच्या ज्वालामुखीबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. करड्या चिखलाचं छोटं आळं आणि त्यात मधूनच येणारा बुडबुडा. मुलं विचारतात, ‘काका, ज्वालामुखी कुठाय?’ वेळ असेल तर बघा, नसेल तर काही गमावलं नाही.

आता जायचं की नाही. हा रस्ता जारवांच्या घरातून जातो. काही शेकडा माणसांचा हा समाज १९९७-९८ पर्यंत बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हता. त्यानंतर ते रस्त्यावर दिसू लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडे ज्याला कुणी फार मोठा आजार मानत नाही, तो त्यांच्यासाठी घातक, कारण अंगात प्रतिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच राखीव भागातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तो चालूच राहिला. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्यापिण्याच्या मोबदल्यात पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि कायदा कडक झाला. आता राखीव भागात फोटो काढणं किंवा जारवांशी संपर्क साधणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

तेव्हा मी गटांना काय सांगतो? ‘गुहेला जायचंय’ म्हणणाऱ्यांना नेतो. ‘जारवा दिसतील ना?’ हा ज्यांचा पहिला प्रश्न असतो त्यांना नेत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एवढा विचार करत नव्हतो, ड्रायव्हर सांगायचा ‘डावीकडे बघा’ आणि आम्ही सगळे बघायचो, मीही. आता राखीव भाग सुरू व्हायच्या आधी सगळे फोन एका पिशवीत, पिशवी माझ्या पायाशी. मुलांना आधी समजावलं की ती मोठ्यांपेक्षा जास्त नीट पाळतात. बिस्किटं फेकणं सोडाच, खिडकीतून हातही हलवायचा नाही. तुमच्या २२ जणांत एकमताने हे होणार असेल तर जा. एकालाही ‘एक फोटो काढला तर काय होतं’ असं वाटत असेल तर त्या दिवशी सगळ्यांनी पोर्ट ब्लेअरजवळ काही तरी करा. खारफुटी हॅवलॉकच्या कयाकमध्येही बघता येते.

गेलात तर परतीचा काफिला हा त्या दिवसाचा मालक. शेवटचा दुपारी तीनच्या सुमारास सुटतो, त्या दिवशीची नेमकी वेळ सकाळीच नाक्यावर विचारून घ्या. तो चुकला तर रात्र बाराटांगला. म्हणून मागून मोजत या: काफिल्याच्या आधी तासभर रांगेत, त्याआधी वाहन-फेरीची वाट, त्याआधी डोंगीचा परतीचा प्रवास. मी सगळ्यांना गुहेतून अकराच्या आत बाहेर काढतो. एकदा दोघे नवरा-बायको फोटोसाठी मागे राहिले, बाकीच्यांना वाटलं ते पहिल्या डोंगीतून गेले, पहिल्या डोंगीतल्यांना वाटलं ते मागून येतायत. अर्धा तास गेला आणि तो काफिला आम्ही जेमतेम गाठला.

तेव्हापासून मी गटाचे पाच-सहा जणांचे गट पाडतो आणि प्रत्येकावर एक नाईक नेमतो. नाईकाने पूर्ण गट मोजायचाच नाही, फक्त आपली पाच डोकी मोजायची आणि मला सांगायची. बावीस मोजताना माणूस हटकून एकवीसवर येतो किंवा स्वतःला विसरतो. पाच मोजताना चुकत नाही. तुमच्याकडे चार नाईक लागतील. त्यांत एक तरी बाई असू दे आणि गटातला सगळ्यांत विनोदी माणूस नाईक नको, तो मोजायचं सोडून बोलत बसतो. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी: हॉटेलचं नाव, आजची जेट्टी, बोटीची वेळ, गाडीचा नंबर, दोन फोन. रोज सकाळी चहाबरोबर नवी चिठ्ठी. कुटुंबं एकमेकांत मिसळून गट पाडा, नाही तर प्रत्येक कुटुंब वेगळंच चालतं.

शंख-शिंपल्यांचं आताच सांगून टाका. किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं प्रवाळसुद्धा उचलून आणायचं नाही. वन्यजीव कायद्यात त्याला संरक्षण आहे, आणि विमानतळावर बॅग उघडून काढतात. सात वर्षांच्या मुलाच्या खिशातून ते निघालं की तो रडतो आणि रांग थांबते. तो गोळा करणारच. त्याला सांगा, गोळा कर, ओळीत मांड, फोटो काढ आणि निघताना परत ठेव. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, बेटांवर एटीएम मोजकी आहेत आणि गर्दीच्या दिवसांत रिकामी.

राहिल्या आजी. गुहेपर्यंतची वाट चढाची नाही, पण मुळं, दगड आणि घसरडी माती आहे, आणि जाऊन-येऊन तीन किलोमीटर. त्याहून अवघड म्हणजे डोंगीत चढणं-उतरणं. ओहोटीला डोंगी धक्क्याच्या बरीच खाली असते, गुडघा दुमडून पाय टाकावा लागतो. म्हणून आजींना आता, पुण्यातच, दोन गोष्टी करून बघायला सांगा: रोज तीन किलोमीटर बागेत चालणं, आणि कठडा न धरता एक उंच पायरी उतरणं. दोन्ही जमत असेल तर न्या. त्यांना पहिल्या डोंगीत, नाईकाशेजारी बसवा आणि चालताना सगळ्यांत पुढे ठेवा. त्यांच्या वेगाने गट चालला तर कुणी मागे सुटत नाही. गुडघे नको म्हणत असतील तर त्यांना एकटं हॉटेलात ठेवू नका. सुनेला किंवा मुलाला सोबत द्या आणि त्या दिवशी दोघांना रॉस बेटावर पाठवा (दिगलीपूरचं नव्हे, पोर्ट ब्लेअरजवळचं दुसरं रॉस). आता त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरहून थोडक्या वेळात बोट जाते, वर फिरवायला बॅटरीवरची गाडी आहे, हरणं अगदी अंगाजवळ येतात, आणि इंग्रजांच्या जुन्या इमारतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी कसं गिळलंय ते बघत आजी निवांत बसतील. परतल्यावर गुहेवाल्यांपेक्षा त्याच जास्त ताज्यातवान्या असतील. तारखा ठरल्या की कळवा, त्या दिवसांच्या तिथी आणि भरतीच्या वेळा बघून नीलचा दिवस कसा उलटवायचा ते लिहून पाठवतो.